मागे वळलेलं हँडल

भाऊजींच्या हाताला मुंग्या यायला लागल्या तेव्हा ते आधी माझ्याकडे आले, डॉक्टरकडे गेले नाहीत. सायकलवर बसलं की मुंग्या येतात, उतरलं की थोड्या वेळाने जातात. मग दोष सायकलचा, आणि सायकलचं दुकान तर घरचंच, मेहुणीचं. यात काही चुकतंय असं त्यांना वाटलं नाही. मलाही नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मोजणी खात्यात मोजणीदार. तिपाईवर दुर्बीण लावायची, डोंगर, नाले, जमिनींच्या हद्दी मोजायच्या आणि कचेरीत परतून त्या कागदावर उतरवायच्या, हे काम त्यांनी सव्वीस वर्षं केलं. संगणक आले तरी त्यांच्या हातच्या नकाशाचा मान गेला नव्हता. साहेब लोक म्हणायचे, यांची रेघ म्हणजे रेघ. आणि सुट्टीच्या दिवशी तेच डोंगर ते सायकलवरून पालथे घालायचे. ताई म्हणायची, "सहा दिवस हे डोंगराला मोजतात, सातव्या दिवशी डोंगर यांना मोजतो."

बाबा गेल्यावर दुकान मी चालवायला घेतलं तेव्हा घरात मोठा गहजब झाला होता. ताईने दोन महिने अबोला धरला. "शिकलीसवरलीस आणि वंगणात हात घालणार?" एकटे भाऊजी माझ्या बाजूने उभे राहिले. पहिल्या दिवशी सकाळी आपली धडधाकट सायकल घेऊन आले, "मिस्त्रीबाई, जरा ब्रेक तपासा" म्हणाले, आणि दारातल्या स्टुलावर तासभर बसून राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला गिऱ्हाईक दिसावं म्हणून. तेव्हापासून मी त्यांची मिस्त्रीबाई.

तर त्या दिवशी ते आले, सायकल भिंतीला टेकवली आणि उजवा हात माझ्यापुढे धरला.

"मिस्त्रीबाई, ही करंगळी आणि तिची शेजारीण, दोघी संपावर गेल्यात."

मी त्यांना सायकलवर बसवलं, एका हाताने सीट धरली आणि बाजूने पाहिलं. डोंगरातल्या सायकलला असतं तसं त्यांचं हँडल जवळजवळ सरळ होतं, रुंद दांड्यासारखं. त्यावर हात ठेवले की मनगटं बाहेरच्या बाजूला मुरडत होती. अंग पुढे झुकलेलं, सगळा भार तळहातांवर, आणि रस्ता दिसावा म्हणून मान मागे ताणलेली.

"उतरा आणि हात सैल सोडून उभे राहा," मी म्हटलं. "आता नुसत्या मुठी वळून पुढे आणा. बघा, कशा आपोआप तिरक्या पडतात? हँडलने तुमच्या मुठीकडे यायला हवं. इथे तुम्हीच हँडलकडे जाताय."

"म्हणजे ते म्हाताऱ्यांच्या सायकलीचं, मागे वळलेलं?"

"तेवढं नाही. डोंगरासाठीही मागे वळलेली हँडलं मिळतात. आरामाची."

"मला आराम नकोय गं, डोंगर हवाय."

"बधिर हाताने डोंगर उतरणार आहात का?"

मी तीन हँडलं खाली काढली. एक बारा अंश मागे वळलेलं, एक सोळा, एक पंचवीस. अंश म्हटल्यावर भाऊजींचे डोळे चमकले. कोन हा त्यांचा प्रांत. "अंदाजपंचे काही घ्यायचं नाही," ते म्हणाले. "उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर ते मोठा कागद, कोनमापक आणि दोन पेन्सिली घेऊन आले. काउंटरवर कागद पसरला. दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल आडवी धरली, डोळे मिटले, हात सैल पुढे आणून कागदावर टेकवले. पेन्सिली जशा पडतील तशा मी रेघा मारायच्या आणि मग कोन मोजायचा. माझ्या इतक्या वर्षांच्या धंद्यात कुणी हँडल असं निवडलेलं मी पाहिलं नव्हतं. मला मौज वाटत होती, आणि खरं सांगायचं तर अभिमानही.

डाव्या हाताचा कोन तिन्ही वेळा तेवीस-चोवीस आला. उजव्याचा एकदा सव्वीस, एकदा पस्तीस.

"एकाच माणसाचे हात ना हे?" भाऊजी म्हणाले.

"उजव्याने जन्मभर काम केलंय. डावा नुसता सोबतीला."

तिसऱ्या खेपेला उजव्या मुठीतली पेन्सिल निसटली आणि घरंगळत काउंटरखाली गेली. मूठ मात्र तशीच मिटलेली होती. पेन्सिल गेल्याचं त्यांना डोळे उघडेपर्यंत कळलं नाही. मी खाली वाकून ती काढली, धूळ पुसली आणि त्यांच्या हातात दिली. दोघंही हसलो. पुढे डॉक्टरांनी विचारलं, पकड नक्की कधीपासून सुटायला लागली, तेव्हा मी त्यांना वार सांगू शकले असते.

शेवटी पंचवीसवर शिक्कामोर्तब झालं. नुसतं हँडल बदलून भागत नाही. हँडल मागे वळलं की हात अंगाजवळ येतात, मग हँडल धरून ठेवणारा तुकडा थोडा लांब आणि उंच घ्यावा लागतो, ब्रेकच्या कळा नव्याने बसवाव्या लागतात. मी दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या. भाऊजी बसले आणि त्यांचे खांदे, कुणी हळूच ओझं उतरवून घ्यावं तसे, खाली आले. पाठ उभी झाली. हनुवटी खाली आली. गल्लीतून एक चक्कर मारून ते परत आले.

"मिस्त्रीबाई, हे आधीच का नाही केलंस?"

पुढचा सव्वा महिना मुंग्यांचं नाव नव्हतं. ताईचा फोन आला. तिला माझ्या दुकानाबद्दल चांगलं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, "यांची चिडचिड थांबली गं. तुझ्या हाताला गुण आहे." मी ते वाक्य दिवसभर बरोबर घेऊन फिरले.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर टेकडीवर गेले. वर पोहोचेपर्यंत ते बोलत होते. कुठला कडा नकाशात चुकून दहा हात सरकवला गेला होता, कुठल्या दोन भावांनी एका झाडासाठी चौदा वर्षं भांडण चालवलं आणि मोजणीच्या दिवशी झाडच पडलेलं निघालं. उतारावर एक दगडी पायरी आली तेव्हा ते उतरले आणि सायकल हाताने नेऊ लागले. त्यांची चाल मला वेगळी वाटली. पाय फाकवून, जमिनीचा भरवसा नसल्यासारखी, नुकत्याच होडीतून उतरलेल्या माणसाची असते तशी.

"पाय दुखतोय का?"

"बूट जुने झालेत. घसरतात."

खाली आल्यावर हेल्मेटचा पट्टा त्यांना सुटेना. बराच वेळ हनुवटीखाली चाचपडत राहिले. "जरा बघ गं, नखं फार कापली गेलीत." मी पट्टा सोडवून दिला. चिमटा अगदी साधा होता, दाबला की सुटणारा. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणायला मला जागा नाही.

सव्वा महिन्यानंतर मुंग्या परत आल्या, आणि आता दोन्ही हातांत. भाऊजी म्हणाले, "आणखी मागे वळलेलं मिळेल?" मी पंचेचाळीस अंशाचं मागवलं, थोडं उंच. त्यावर माणूस खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो. डोंगराच्या सायकलवर ते शोभत नव्हतं आणि भाऊजींनाही ते कळत होतं. आरशात पाहून म्हणाले, "झालो एकदाचा पेन्शनर." पण बसले आणि म्हणाले, "बरं वाटतंय." बरं वाटतंय, एवढंच मला ऐकायचं होतं.

ते हँडल बसवल्याच्या चौथ्या दिवशी ताई दुकानात आली. दुकानात ती येत नसे. वंगणाचा डाग लागेल म्हणून साडी जरा उचलून धरत आत आली आणि स्टुलावर बसली. मी एका चाकाच्या तारा ताणत होते.

"काम चालू दे तुझं," ती म्हणाली. मग काही वेळाने, "यांच्या हातातून कप पडतात. या आठवड्यात दोन. शर्टाची बटणं मला लावायला सांगतात, वर म्हणतात लाड करतेस तू. आणि काल कचेरीतून नकाशा परत आला. यांचा नकाशा, परत! साहेबांनी नुसतं लिहिलं, रेघ पुन्हा पाहावी."

मी चाक फिरवत होते.

"मोठ्या डॉक्टरकडे नेऊ का गं? का वय झालं म्हणून सोडून देऊ? मला काही कळत नाही. तुला हातांचं, मनगटांचं कळतं. तू सांग."

ही माझी थोरली बहीण. लहानपणी माझी वेणी घालायची, अभ्यास घ्यायची, चुकलं की कान पिळायची. आजवर तिने मला काही विचारलं नव्हतं, नेहमी सांगितलं होतं. आता ती माझ्या दुकानात, माझ्या स्टुलावर बसून मला विचारत होती. मी हात पुसले.

"अगं, मनगटाची नस दबते, तिचाच हा प्रकार. दिवसभर दुर्बीण आणि पेन्सिल, रविवारी हँडल. आत्ताच नवं बसवलंय. हाताला सवय व्हायला वेळ लागतो. पंधरा दिवस दे. नाही बरं वाटलं तर नेऊ."

"नक्की?"

"नक्की."

ताईच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला दिसला. जाताना तिने माझ्या गालाला हात लावला.

अकराव्या दिवशी रविवार होता. भाऊजी म्हणाले आज टेकडी नको, कालव्याच्या कडेने जाऊ. रस्ता सपाट, दोन्ही बाजूंना झुडपं. ते पुढे, मी मागे. ते इतके ताठ बसले होते की मागून पाहताना मला वाटलं, किती ऐटीत चाललेत. कालव्याच्या फाटकाशी छोटासा उतार आहे, लहान मूलही सहज उतरेल असा. फाटक बंद होतं. मला वाटलं आता वेग कमी करतील. त्यांनी केला नाही. सायकल सरळ फाटकावर गेली. आवाजही फार मोठा झाला नाही. कपाळ वरच्या गजावर आपटलं, मान मागे गेली, आणि ते सायकलीवरून बाजूला गवतात बसावं तसे पडले.

मी धावले. शुद्धीवर होते. कपाळाला खोक पडली होती, तीही लहान.

"ब्रेक दाबला होता गं," ते म्हणाले. "दाबला असं वाटलं मला."

डोळ्यात रक्ताचा ओघळ उतरत होता. मी म्हटलं, "रुमाल लावा, मी फोन करते." त्यांनी काही केलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तेव्हा ते आपल्या हातांकडे पाहू लागले. हात मांडीवर पडले होते, दुसऱ्या कुणाचे आणून ठेवल्यासारखे.

"उचलत नाहीत," ते म्हणाले.

इस्पितळात मानेचा एमआरआय काढला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलायच्या. त्यांनी आम्हा दोघींना पडद्यासमोर उभं केलं आणि पेनाच्या टोकाने दाखवलं. मणक्यांच्या मधून जाणारी मज्जारज्जू म्हणजे एक फिकट पट्टा, आणि मानेच्या मध्यावर तो पट्टा दोन्ही बाजूंनी चिमटलेला. नळी पिळल्यासारखा.

"हे आज झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "आज फक्त धक्का बसला. हे बरेच महिने चाललंय. बटणं लावता न येणं, वस्तू पडणं, चालताना तोल जाणं, असं काही होतं का?"

"होतं," ताई म्हणाली.

"मग कुणाला दाखवलं नाहीत?"

मी म्हटलं, "सायकलमुळे होतंय असं वाटलं. हँडल बदललं की बरं वाटायचं."

"वाटणारच. अंग ताठ झालं की मान मागे ताणावी लागत नाही, दाब थोडा कमी होतो. दुखणं झाकलं जातं. आत ते चालूच राहतं."

त्या मला दोष देत नव्हत्या. कशामुळे काय होतं एवढंच समजावत होत्या. मी विचारलं, "आधी आलो असतो तर?"

त्यांनी क्षणभर थांबून पाहिलं, खरं सांगावं का याचा अंदाज घेत असाव्यात. "आधी शस्त्रक्रिया झाली असती तर बरंच वाचलं असतं. किती, ते कुणी सांगू शकणार नाही. आता जे आहे ते टिकवायचं. गेलेलं थोडंफार परत येईल."

त्या गेल्यावर आम्ही बाकावर बसलो. समोर हिरवी भिंत, तिच्यावर हात धुण्याच्या सूचना. ताई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पंधरा दिवस दे म्हणालीस."

मी मान खाली घातली.

"मी दिले."

शस्त्रक्रिया झाली. पाय सुधारले. चार महिन्यांनी भाऊजी काठी घेऊन घरातल्या घरात चालू लागले, मग अंगणात. हात मात्र फारसे सुधारले नाहीत. डावा चमचा धरतो, जाड दांड्याचा. उजव्याची बोटं अर्धवट मिटून राहिली आहेत. खात्याने त्यांना दप्तरखान्यात बसवलं. जुने नकाशे मागायला लोक येतात, भाऊजी कुठल्या कपाटात कुठला आहे ते तोंडाने सांगतात आणि शिपाई काढून देतो. त्यांतले निम्मे त्यांच्या हातचे. एकदा मी डबा द्यायला गेले तेव्हा एक नकाशा टेबलावर पसरलेला होता आणि ते त्यावर वाकून बसले होते. मला पाहून म्हणाले, "बघ, यांची रेघ म्हणजे रेघ." हसले. मला हसता आलं नाही.

मला वाटत होतं, ते एकदा तरी मला बोलतील. बोलले असते तर सोपं झालं असतं. पण एका संध्याकाळी त्यांनी आपणहून विषय काढला तो असा: "हँडल फार चांगलं निवडलं होतं आपण. त्या सव्वा महिन्यात डोंगरात जे सुख लागलं ना, तसं आयुष्यात लागलं नव्हतं. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मी घरी आले आणि सरळ अंथरुणात शिरले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही.

आता दुकानात कुणी हात बधिर होतात म्हणून आलं की मी आधी हँडलाला हात लावत नाही. शर्टाचं वरचं बटण काढून परत लावायला सांगते. फरशीच्या रेघेवरून टाच आणि अंगठा जुळवत चालायला सांगते. लोक हसतात. कुणी म्हणतं, "बाई, सायकल दुरुस्त करता का भविष्य सांगता?" एक-दोघे चिडून पलीकडच्या दुकानात गेले. मी पाच जणांना डॉक्टरकडे पाठवलं. पाचही जणांच्या माना ठणठणीत निघाल्या. त्यांच्यासाठी बरं झालं. माझ्या मनावरचं ओझं त्याने तसूभरही हललं नाही.

दर रविवारी मी ताईकडे जाते. ती दार उघडते, चहा करते, कप माझ्यापुढे ठेवते, पाणी कधी गेलं, शेजारच्यांनी भिंत कुठल्या रंगाने रंगवली, असलं काहीबाही बोलते. भाऊजी आत झोपलेले असले की आम्हा दोघींत ते बोलणंही आटतं. माफ कर म्हणायला मी कितीदा तरी तोंड उघडलं आणि साखर मागितली.

गेल्या रविवारी ती भाऊजींचे शर्ट घेऊन बसली होती. बटणं उसवून त्यांच्या जागी वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या शिवत होती, म्हणजे त्यांचे त्यांना घालता यावेत. मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले. सगळं म्हणाले. पेन्सिलीचं, चालीचं, हेल्मेटच्या पट्ट्याचं. मला दिसत होतं आणि तरी मी 'नक्की' म्हणाले. तू विचारलंस याचा मला इतका आनंद झाला होता की 'मला माहीत नाही' हे शब्द तोंडातून निघेनात. हेही म्हणाले.

ताईने शिवण थांबवली नाही. दोरा दाताने तोडला.

"मी तरी काय," ती म्हणाली. "मला तेच ऐकायचं होतं म्हणून तर तुझ्याकडे आले. डॉक्टरकडे जायची मलाच भीती वाटत होती." मग सुईत नवा दोरा ओवला. "पण म्हणून राग जात नाही गं. सकाळी यांना आंघोळ घालताना येतो. माफ केलं असं म्हणायला हवं, कळतं मला. अजून जमत नाही."

"बरं," मी म्हटलं.

"तू येत जा मात्र. त्यांना बरं वाटतं."

आतून भाऊजींनी हाक मारली. तिला उठायला नको म्हणून मी उठले. त्यांना उशी मानेखाली हवी होती. मी ती लावली, खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि बाहेर आले. ताईने दुसरा शर्ट घेतला होता. मी तिसरा घेतला, तिच्या डब्यातली कात्री उचलली आणि वरच्या बटणापासून उसवायला सुरुवात केली.